टॉवेलभोवतीची दोरी

हॅलो? … हां, बोल रे खांबा. … हो, गेली. सोडून गेली मला. बॅग घेऊन, कायमची. आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू… हॅलो? … कोण?

अगं, तू होय!

नाही, नाही, कुणाला काय म्हणतोय मी? … कोण गेली? … वीज. वीज गेली होती. … कायमची म्हणजे आपलं, बराच वेळ. … बॅग? मी बॅग म्हणालो? … वायरमन. वायरमन बॅग घेऊन आला होता.

हो, टीव्हीचाच आवाज आहे. … आता आली ना वीज. आत्ताच. तू फोन केलास आणि आली. बघ, काही गोष्टी न सांगता… बरं. राहिलं.

मला वाटलं खांबाचा फोन आहे. न बघताच उचलला. … खांब गं, नाण्यांच्या दालनातला. … हो, तोच. संग्रहालयात आम्हा पहारेकऱ्यांत सगळ्यात स्तब्ध तोच उभा राहतो. एका बाईंनी त्याच्यावर छत्री अडकवली होती, तो. … नाही, हलला नाही. बाई परत येईपर्यंत धरून होता.

बोल ना. कशी आहेस? ताईकडे बरं आहे ना सगळं? … ताईला सांग मी विचारलं म्हणून. … शेजारीच बसलीय? … काय म्हणाली? … बरं. मग मी विचारलं नाही असं सांग.

जेवलो की. … म्हणजे बिस्किटं. … चहात बुडवून. … कशात काय, फुलदाणीत. … अगं, कप संपले. … हो, संपले. … ऐक ना, मलाही आधी असंच वाटायचं की कप संपत नसतात. इतकी वर्षं कधी संपले नाहीत आपल्याकडे. पण संपतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. आधी कप गेले, मग पेले, मग तो मापाचा काचेचा, आणि काल फुलदाणीवर आलो. … बरी आहे फुलदाणी. दोन्ही हातांनी धरावी लागते, त्यामुळे माणूस लक्ष देऊन चहा पितो.

कुठे गेले म्हणजे? आहेत इथेच. सिंकमध्ये. … सगळे. … नाही, ते वापरलेले आहेत ना! म्हणून तर म्हटलं संपले.

हॅलो? … हसतेयस का? … मला वाटलं हसलीस. … ताई हसली? बरं.

कसं विचारणार? … अगं, का चाललीस हे मी विचारलं नाही, यातच सगळं आलं ना. तू बॅग घेऊन हॉलमध्ये आलीस, मी सोफ्यावर होतो, आपण एकमेकांकडे बघितलं. … बघितलं की! … पाय वर घेतले ते तुझी बॅग जावी म्हणून. तेवढं मला सांगावं लागत नाही.

आपलं ठरलंच होतं तसं. 'सांगावं लागलं तर ते प्रेम कसलं?' हे वाक्य कुणाचं? … कुणाचं? … तुझं. त्या मातीच्या घड्यासमोरच्या बाकावर बसून म्हणालीस. … पहिल्यांदाच बोललीस त्या दिवशी, म्हणून तर लक्षात राहिलं. त्याआधी नुसती येऊन बसायचीस. चष्म्याच्या दुकानातून दुपारच्या सुट्टीत सुटायचीस आणि आमच्या दालनात डबा उघडायचीस. मध्ये घडा, पलीकडे मी उभा. दालनात खायला बंदी असते. मी बघूनही न बघितल्यासारखं करायचो. … हो, ती सवय मला तिथूनच लागली असेल. … टोमणा कळला. बघ, न सांगता कळला.

ऐक ना… ऐक… ते वाक्य मी आयुष्यभरासाठी घेतलं. लोक लग्नात दागिने घेतात, मी वाक्य घेतलं. … खरं आहे. … हो, तेव्हा घासायची भांडी नव्हती. तेव्हा तुझ्यामाझ्यात मिळून एकच भांडं होतं आणि तेही काचेच्या पेटीत.

पण बाकीचं मी ओळखतो ना! … काय काय म्हणजे? सांगतो की. तू झोपेत कूस बदलतेस ती स्वप्नामुळे की उशीमुळे, हे मला कळतं. गाणं लागलं की तुला कुठलं कडवं आवडणार ते मी आधीच ओळखतो. तू भांडी घासत असलीस की मागून येऊन तुझ्या खांद्यावर हनुवटी टेकतो. कुणी सांगितलंय मला? … जड होते? … कुणाची, माझी हनुवटी? … मग ढकलायचंस ना. … हाताला साबण असायचा, हो. मला वाटायचं, आवडतंय म्हणून ढकलत नाहीयेस.

आणि मागे एकदा तू कचऱ्याच्या दोन पिशव्या घेऊन जिन्यात थांबलीस, वळून माझ्याकडे बघितलंस. त्या क्षणी तुझ्या डोळ्यांत काय आहे ते मी ओळखलं. … विरह. … दोन मजल्यांचा का असेना, विरहच तो. म्हणून तर मी धावत खिडकीत गेलो आणि वरून तुला हात केला. … तू उलट हात केला नाहीस. पिशव्या होत्या ना हातात. मी समजून घेतलं.

हॅलो? … आहेस ना? … एवढा मोठा श्वास घेतलास, म्हणून विचारलं.

नाही, मी अगदीच काही करत नाही असं नाही हां. मागच्या वर्षी एक कप विसळला होता मी. … तूच तर होतीस समोर. … नाही, पाटी नाही लावली त्याच्यावर. … विचार होता. … अगं, मीही दिवसभर उभाच असतो ना. तुझ्याही पायांना गोळे येतात, माझ्याही येतात. … हो, तू उभं राहून काम करतेस. … हो, मी नुसता. … नोकरीच तशी आहे त्याला मी काय करू?

आता काय? … उठू? … बरं, उठलो. … स्वयंपाकघरात? … आलो. दारात उभा आहे. … अगं, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतेस तशी बोलू नकोस माझ्याशी. … हनुवटी टेकायला इथे काही नाहीये. … बरं, बरं. बोल. सरळ समोर बघतोय.

भांडी दिसतायत. … वरची मोठी वाचता येतात. कुकर, पातेलं, फुलदाणीचं झाकण… फुलदाणीला झाकण नसतं? मग ते दुसरं काहीतरी आहे. खालच्या ओळीतली अंधुक दिसतायत. … नाही, चष्मा लावलाय. पाणी गढूळ आहे.

उजवीकडे ओटा. ओट्यावर काहीतरी आहे… पसरट. पिवळसर. … नाही गं, तू असताना नव्हतं. … आपोआप येतं का ते? … दूध? मी कुठे दूध… हां, उतू गेलं होतं. पण ते मी त्याच वेळी बघितलं होतं. … बघितलं म्हणजे बघितलं. … मग? बघून पुढे काय असतं?

'आता बरं की मगाशी बरं?' … अगं, ते तुम्ही भिंगं बदलताना विचारता ना. … मगाशी. सोफ्यावरून दिसत होतं तेच बरं होतं.

बाल्कनी… हो. कपडे वाळतायत. … तू टाकलेलेच आहेत ते. … नाही काढले. मला वाटलं, खूण म्हणून ठेवलेस. लोक जाताना जागा धरायला रुमाल टाकून जातात, तू बाल्कनीभर कपडे टाकून गेलीस. मला तर फार आधार वाटला. … वाळले असतील, हो. आठवडा झाला. … चांगलेच वाळलेत. निळ्या शर्टाचा एक खांदा पांढरा झालाय.

हॉलमध्ये? … आलो. … टीव्ही. त्या बाई भांडतायत. … कोण म्हणजे, त्याच. रिमोट हरवल्यापासून हेच एक चॅनेल लागतंय ना. टीव्हीच्या मागे बटण असतं म्हणतात, पण मागे हात जात नाही. … घातला नाही, हो. … भाषा कुठली ते मलाही माहीत नाही. बाई रोज त्या माणसाला काहीतरी सांगत असते, तो पेपर वाचत असतो. एक शब्द कळत नाही, पण बाईंचं बरोबर आहे असं आपलं वाटतं. … हो, भाषा न कळता. … हो, पहिल्या दिवसापासून. … इथली भाषा येते मला, असं का विचारतेस? … बरं. पुढे बोल.

हो, आहे ना. … टॉवेल. आहे तिथेच आहे, दोरीच्या आत.

अगं, त्याला काहीसुद्धा झालेलं नाही. येताजाता बघतो मी. … नुसता टॉवेल कसा? लग्नाचा तिसरा वाढदिवस. आपण बाहेर जेवायला निघालो होतो. मी अंघोळ करून आलो, तू म्हणालीस आवर पटकन, आणि माझ्या खांद्यावरून तो पडला. परत आलो तरी तिथेच. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथेच! तू, जी माझा एक मोजा जमिनीवर टिकू देत नाहीस, त्या तू तो उचलला नव्हतास. आठवडा गेला. तरी नाही. तेव्हा मला कळलं. … की ती आठवण आहे. तुला ती जशी पडली तशी ठेवायचीय, फक्त बोलून दाखवायचं नाहीये. … मग मी कसं विचारणार? विचारलं असतं तर त्यातली गंमतच गेली असती.

म्हणून मग मी माझ्या परीनं केलं. आमच्याकडची जुनी लाल दोरी टाकूनच देणार होते, ती मागून घेतली. पितळी दांडे लावले. पाटी स्वतः बसून रंगवली. 'टॉवेल. सुती. काळ: लग्नाचा तिसरा वाढदिवस. कृपया हात लावू नये.' … 'कृपया' तुझ्यासाठी घातलं होतं. आमच्याकडे नुसतंच 'हात लावू नये' असतं.

आणि तू फरशी पुसताना दोरीच्या कडेकडेनं पुसायचीस. मी बघायचो तेव्हा अक्षरशः भरून यायचं मला. … सोफ्यावरून, हो. … हो, पाय वर घेऊन. … अगं, वरच्या काकू आल्या होत्या तेव्हा त्यांनीसुद्धा चपला काढल्या टॉवेलसमोर. … फरशी ओली होती म्हणून? … मला वाटलं आदरानं.

काय? … परीक्षा? … कसली परीक्षा? … माझी?

मग सांगायचंस ना!

… हो. … हो गं, सांगायचं नाही असंच ठरलं होतं. … म्हणजे तू वाट बघत होतीस की मी उचलीन. आणि मी जिवापाड जपत होतो की तो कुणी उचलू नये. … दोघंही त्याच्याकडे बघत. … मध्ये टॉवेल. … घड्यासारखा, हो. … नाही, यात काहीतरी चुकलंय हे मला दिसतंय. … अंधुक.

उचलू? आत्ता? … असं लगेच नाही उचलता येत. पद्धत असते. वस्तू हलवायची तर दोन माणसं लागतात. एकानं धरायची आणि दुसऱ्यानं 'सावकाश, सावकाश' म्हणायचं. … तू तिकडून म्हणशील का? … नको. राहू दे. … आणि हातमोजे लागतात. उघड्या हातानं आम्ही कशालाच हात लावत नाही. … हो, घरी तेच झालं असेल. … हाही टोमणा कळला.

आपल्याकडे हातमोजे आहेत? … सिंकखाली? … थांब, फोन खांद्यावर धरतो. … बापरे, इथे केवढं जग आहे! इतक्या बाटल्या कुठून आल्या? … तू आणल्यास. … ब्रश पण आहेत, वेगवेगळे. हा वाकडा कशाला असतो? … आपल्या संडासाला वाकडा लागतो होय? … सापडले. पिवळे, रबरी. … थांब हां. … जात नाहीयेत. बोटं जातायत, पंजा जात नाही. अगं, किती लहान आहेत हे, असे कुणाच्या मापाचे घेतात?

…

हो.

तुझ्या मापाचे. … एकच जोड आहे. … नाही, कळलं. … कळलं म्हटलं ना.

बरं, चार बोटांवर अडकवलेत. जमेल. … आलो हॉलमध्ये. दोरी काढली. … सावकाश, सावकाश. मीच म्हणतोय, स्वतःला. … धरला. … अगं, हा वाकत नाही! पुठ्ठा झालाय नुसता. भिंतीला टेकवला तर उभा राहतोय. खांबाशेजारी ठेवला तर याला पगार सुरू होईल. … बरं, नाही करत विनोद.

खाली काय असणार? खाली… अगं! रिमोट! रिमोट सापडला! … तुला माहीत होतं? … तू ठेवलास? … मी निदान रिमोटसाठी तरी उचलीन म्हणून? … म्हणजे इतके दिवस मी त्या बाईंचं भांडण… थांब, बदलून बघतो. … बदललं! … इथे हवामान सांगतायत. … परत तेच लावलं. … बाई आज उभी राहिलीय ना, हातात पेपर आहे तिच्या. एक मिनिट, पुढे काय होतं ते… बरं. बंद केला. बंद केला म्हणतोय ना.

हो, आणखी आहे. … दिसतंय.

चावी.

आपलीच. घराची. … माझी खिशात आहे, बघतो… हो, आहे. मग ही तुझी. … जाताना ठेवून गेलीस होय? मला वाटलं… नाही. थांब. तू बोलू नकोस. हे मला बघू दे, हे माझं काम आहे.

चावी उचलली तरी फरशीवर चावी राहतेय. … गंजाची. तू कडेकडेनं पुसायचीस तेव्हा पाणी आत जात असणार, त्यानं उमटलीय. दातान् दात दिसतोय. … नाही, अंधुक नाही, स्वच्छ दिसतोय. … एवढा गंज आठवड्यात बसत नाही. महिन्यातही नाही. आमच्याकडे असल्या खुणांवरून सांगतात, वस्तू किती काळ पडून आहे ते.

ही थंडीतली आहे.

… हो ना? … म्हणजे तू बेल वाजवायला लागलीस तेव्हापासून.

मला वाटायचं… नाही, काही नाही. … हसशील. … ताईला तिकडे जाऊ दे मग सांगतो. … गेली? … मला वाटायचं, चावी जवळ असूनही बेल वाजवतेस, कारण दार मी उघडावं अशी तुझी इच्छा असते. दिवसभर परक्या लोकांचे डोळे बघून आल्यावर पहिलं तोंड माझं दिसावं. म्हणून मी दार उघडलं की असा जरा दिव्याकडे चेहरा करून उभा राहायचो. … हो, म्हणून. … नाही, दुखत नव्हती मान.

तुझ्या दोन्ही हातांत पिशव्या असायच्या. भाजीची एक आणि… हो. … आत्ता दिसतायत. … माहीत आहे, आत्ता नाहीयेत.

म्हणजे तू गेल्या रविवारी गेली नाहीस. तू थंडीतच गेलीस. … मग इतके महिने घरी येत होती ती कोण? … पाहुणी. … बेल वाजवून येणारी, बरोबर. … पाहुणीनं आमच्या फरश्या पुसल्या. आणि आम्ही पाय वर घेतले.

नाही, रडत नाहीये. फुलदाणीतला चहा प्यायलो. गार झालाय.

मग आता सांग ना, काय करू? … का नाही सांगणार? … मी तयार आहे ना ऐकायला. सांगून कळलं तरी चालेल मला, खरंच. ते वाक्य मी परत करायला तयार आहे. … तुलाही नको? … मग ठेवायचं कुठे ते? … नाही, पाटी नाही लावत त्याला.

टॉवेल धुऊ का? … धुतला तर जुनेपणा जाईल त्याचा. … जायलाच हवाय. बरं. … मशीनजवळ आलो. कुठलं बटण… नाही, नाही, विचारत नाहीये! मोठ्यानं वाचत होतो नुसता. बटणांवरची चित्रं काही कळत नाहीत. पण एकावरचं चित्र पार पुसलं गेलंय. तेच असणार. … बघ! ओळखलं की नाही? … अगं, सोपं आहे, बोट लागून लागून झिजलंय ते.

… हो. तुझं बोट. … हो, तेही कळलं.

मध्येच खांबाचा फोन येतोय. … येऊ दे. वाजू दे. धरून उभा राहायची सवय आहे त्याला. … त्याला काय सांगू? … नाही गं, वीज नव्हती गेली. तुला तेव्हाच कळलं होतं? … वायरमन तरी खरा वाटला होता का? … बरं.

परत कधी येतेस? … रविवारी? … येतेस? खरंच? … सामान न्यायला. … बरं. … बरं, सांग, काय काय काढून ठेवू? … ती डोळे तपासायची अक्षरांची पाटी, दारामागची. ने ना. तशीही खालची ओळ मला कधी वाचता आली नाही. … कपडे काढून ठेवतो. … घडी करून? करतो. जमेल तशी. … हातमोजे? … ते मला लागतील असं म्हणतेस? … पण ते होत नाहीत मला. … दुकानात मोठे मिळतात? … सगळ्या मापांचे? … अगं, कधीपासून?

बरं.

चावी ताईच्या पत्त्यावर पाठवू का? … नको. … मग आत कशी येशील? … बेल वाजवशील. … नाही, ठीक आहे. या वेळी का वाजवणार ते कळलंय मला. … न सांगता, हो. … हो, उशिरा.

अगं ऐक ना, ठेवू नकोस. एकच… पटकन सांगतो. तोंडी अर्ज समज हवं तर. आमच्याकडे एखादी वस्तू जागेवरून हलली की आम्ही रीतसर… हॅलो? … हॅलो?

गेली.

… वीज नव्हे.

असू दे. अर्ज करायला पलीकडे कुणी असलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडेही नसतं. … 'प्रति, ज्यांच्याकडे हा विषय येत असेल ते. विषय: जागेवरून हललेल्या पत्नीबाबत. महोदय, सदर पत्नी थंडीपासून आपल्या जागी नसल्याचे आजच्या पाहणीत आढळून आले. तिला कोणीही हलवलेले नाही. घरातील कोणत्याच वस्तूस अर्जदाराने आजवर हात लावलेला नाही. तरी सदर पत्नी असेल त्या अवस्थेत, तिच्या सोयीने, मूळ जागी परत मिळावी. जागा पुसून ठेवण्यात येईल. फरशी पुसण्याचे फडके घरात कोठे असते, एवढे मात्र उलट टपाली कळवावे, ही नम्र विनंती.'